शस्त्राची जुळणी आणि कर्त्याची जबाबदारी

रायफलीची नळी मूळ सांगाड्याला जखडून ठेवणाऱ्या रुंद नटाला बॅरल नट म्हणतात. एआर-१५ पद्धतीच्या रायफलीत तो बसवताना दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. नट ठरलेल्या जोराने आवळला गेला पाहिजे. शिवाय त्याच्या कडेवरच्या खाचांपैकी एक खाच, गोळीमागचा वायू मागे आणणाऱ्या बारीक नळीच्या वाटेत नेमकी आली पाहिजे. जोर पुरेसा झाला आणि खाच केसभर अलीकडे राहिली, की नट किंचित सैल करून खाच जुळवून घेण्याचा मोह होतो. शिस्त नेमकी उलट सांगते. मागे यायचे नाही, पुढची खाच येईपर्यंत आवळत न्यायचे. तेवढ्यात जोराची वरची मर्यादा ओलांडत असेल तर नट उतरवून पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे कसब एकट्या बंदुकीचे नाही. वसई-विरारमधल्या कोणत्याही गॅरेजात टेम्पोच्या स्टीअरिंगचा टाय रॉड बसवणारा फिटर हेच करतो. कॅसल नट आवळतो, नटाची खाच आणि बोल्टमधले भोक समोरासमोर आणतो, स्प्लिट पिन घालतो आणि पक्कडीने तिची टोके दुमडतो. खाच चुकली तर पुढे, मागे नाही. पिन घालायची राहिली तर रस्त्याच्या धक्क्यांनी नट सुटत जातो आणि एका क्षणी चाक स्टीअरिंगचे ऐकेनासे होते. दोन्हीकडे हात तोच, पाना तोच आणि दक्षताही तीच. एकीकडे तिच्यामुळे माणसे सुखरूप घरी पोहोचतात, दुसरीकडे गोळी हुकत नाही.

प्रश्न इथून सुरू होतो. काम नीट केले, एवढ्यावरून ते चांगले ठरते का? की कामाचा चांगुलपणा ते ज्यासाठी केले त्यावर अवलंबून असतो? आणि तसे असेल, तर नट आवळणाऱ्याने पुढचे किती पाहायचे?

अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या सहाव्या भागात करण्याचे दोन प्रकार वेगळे काढले: वस्तू घडवणे आणि आचरण करणे. घडवण्याचे फळ कर्त्याबाहेर, वस्तूत असते. आचरणाचे फळ आचरणातच असते. यातून त्याने काढलेला फरक फार मार्मिक आहे. कारागिरीत मुद्दाम चूक करणारा हा नकळत चूक करणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याला निदान विद्या येते. नीतीत मात्र मुद्दाम चूक करणारा अधिक वाईट. नट मुद्दाम सैल ठेवणारा कारागीर म्हणून शाबूत आहे, माणूस म्हणून नाही. म्हणजे एकाच कृतीची दोन मोजमापे होतात आणि एका मापात उत्तीर्ण झाल्याचा दाखला दुसऱ्या मापात चालत नाही. पुढची बहुतेक गफलत हा दाखला चालवून घेण्याच्या प्रयत्नातून होते.

या प्रश्नासाठी वसईचा परिसर योग्य आहे, आणि तो केवळ तिथल्या कारखान्यांमुळे नव्हे. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, गवराईपाडा या पट्ट्यात औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत आणि त्यांत लहानलहान गाळ्यांमधून लेथ, मिलिंग, ड्रिलिंगची कामे चालतात. पण त्याच तालुक्यात शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा आहे. एका परंपरेने त्याचा संबंध परशुरामाशी जोडला, दुसरीने बुद्धाच्या पूर्ण नावाच्या शिष्याशी. जवळच वसईचा किल्ला, आणि त्याच्या आसपास चारशे वर्षांहून जुनी ख्रिस्ती वस्ती. शस्त्राबद्दलच्या तीन वेगळ्या भूमिका इथे एकमेकींपासून काही मैलांवर नांदत आल्या आहेत.

आधी गाळा पाहावा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी यंत्रे थांबतात. लेथखाली साचलेला लोखंडाचा बुरादा काढला जातो, कुलंटचे ओघळ चिंधीने पुसले जातात, बेडवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चकला झेंडूची माळ घातली जाते. पाटावर लाल कापड अंथरून त्यावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, ड्रिल बिट आणि हातोडी मांडतात. हळद-कुंकू, अक्षता, नारळ. पेढा मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना, आणि यंत्र त्या दिवशी फिरवायचे नाही. खंडेनवमीला घरातल्या तलवारीची आणि सुरीकात्रीची जी पूजा होते तिचाच हा कारखानी अवतार. राजघराण्याची तलवार आणि फिटरचा पाना यांना एकाच दिवशी एकच हळद लागते, हे सहज झालेले नाही. अज्ञातवास संपताना पांडवांनी शमीवरून शस्त्रे उतरवली, या कथेची सणाला जोड आहे. त्या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग असा की शस्त्रे आधी वर्षभर झाडावर होती. जगातले सर्वांत निष्णात योद्धे त्या काळात स्वयंपाकी, नृत्यशिक्षक, अश्वपाल म्हणून राबत होते. कसब हातात होते आणि साधन हाताबाहेर ठेवले होते.

वर्षातला एक दिवस साधन बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहणे, ही या पूजेतली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणता येईल. पण पूजा कृतज्ञतेवर थांबते. साधनाने वर्षभर काय केले हे विचारत नाही. जॉबवर्क करणाऱ्या गाळ्याला तो प्रश्न बऱ्याचदा विचारताही येत नाही. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग येते, त्यावर व्यास, आट्यांचा प्रकार, टॉलरन्स आणि नगांची संख्या असते. ड्रॉइंगवर माप असते, प्रयोजन नसते. एखादी बुशिंग पंपात जाणार, मशीनगनच्या तिपाईत जाणार की पिठाच्या गिरणीत, हे लेथवर उभ्या असलेल्या माणसाला कळतेच असे नाही.

विधी आणि आचरण यांच्यातली ही फट या भूमीवर फार पूर्वी दगडावर कोरली गेली आहे. अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे सोपारा परिसरात मिळाले: आठव्या लेखाचा १८८२ मध्ये, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. आठव्या लेखात पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा काढत आणि आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, असे सांगितले आहे. शस्त्र घेऊन निघण्याची राजेशाही सवय त्याने बदलली. नववा लेख तर थेट मंगलविधींबद्दल आहे. आजारपण, लग्न, मूल, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. दास-सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम आणि दान हा धर्ममंगल विधी, त्याचे फळ मोठे, असा त्याचा आशय. सम्राटाने विधी बंद केले नाहीत, त्यांची उतरंड लावली. गाळ्यातल्या पूजेला हा निकष लावला तर पाट मांडणे वाईट ठरत नाही, अपुरे ठरते. हेल्परला मशीनगार्ड आणि वेळेवर पगार मिळतो का, हे त्या पाटाइतकेच किंवा अधिक धार्मिक काम ठरते.

शस्त्राच्या बाबतीत मात्र शूर्पारकाच्या दोन कथा जास्त खोल जातात.

महाभारताच्या शांतिपर्वात परशुराम क्षत्रियांचा संहार करून सगळी पृथ्वी कश्यपाला दान देतो. दान दिलेल्या जमिनीवर दात्याने राहायचे नाही म्हणून कश्यप त्याला दक्षिणेकडे जायला सांगतो, आणि समुद्र मागे सरून त्याला शूर्पारक नावाची जागा करून देतो. कोकणातल्या लोकांना ही कथा परशूच्या फेकीसह पाठ असते. या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी मात्र त्याच्या पुढच्या आयुष्यात आहेत. आदिपर्वात द्रोण धन मागायला येतो तेव्हा सर्व वाटून झालेले असते; उरलेले शरीर आणि अस्त्रे, यांतले काय हवे ते माग, असे परशुराम म्हणतो. द्रोण अस्त्रे मागतो, तीही मंत्र-प्रयोग-उपसंहारासह, आणि तो देतो. त्या दानाचा शेवट कुरुक्षेत्रावर होतो. दुसऱ्यांदा शिकायला कर्ण येतो, आपली ओळख खोटी सांगून. कीटकाने मांडी पोखरली तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हालत नाही. आणि तेवढ्या सहनशक्तीवरून हा ब्राह्मण नव्हे हे परशुराम ओळखतो. शाप असा, की ऐन वेळी विद्या आठवणार नाही.

कर्णाला जातीवरून शिक्षा झाली, ही टीका मराठीत पुष्कळदा झाली आहे आणि ती खोटी नाही. तरीही शापाच्या स्वरूपात एक वेगळा विचार दडलेला दिसतो. गुरूने कर्णाचे कौशल्य परत घेतले नाही, ते जीवघेण्या क्षणापुरते निकामी केले. शस्त्रविद्या देणाऱ्याला घेणारा कोण हे माहीत असण्याचा हक्क आहे, आणि ते लपवून मिळवलेली विद्या पूर्णपणे आपली होत नाही, असे ही कथा मानते. द्रोणाच्या बाबतीत मात्र परशुरामाने काहीच विचारले नाही. देणाऱ्याची चौकशी कुठे कडक आणि कुठे ढिली होती, याचा हिशेब महाभारताने मांडला नाही. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की परशुरामालाही दोषातून सोडता येत नाही.

दुसरी कथा पूर्णाची. पाली ग्रंथांत तो पुण्ण, सूनापरांत देशाचा. ‘दिव्यावदाना’त तो शूर्पारकचा व्यापारी आहे. तो आपल्या मुलखात परत जाऊन राहण्याची परवानगी मागतो तेव्हा बुद्ध त्याला एकेक पायरी चढवत विचारतो. तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, हाताने मारले नाही म्हणजे भलेच आहेत असे समजेन. हाताने मारले तर? ढेकळांनी मारले नाही. मग ढेकळे, मग काठी, मग शस्त्र, शेवटी मरण. मरणाबद्दल तो म्हणतो की देहाला विटलेले काही जण मारेकरी शोधत फिरतात, आपल्याला तो न शोधता मिळाला असे मानीन. या संवादातली चढण पाहण्यासारखी आहे. शब्द, हात, मातीचे ढेकूळ, लाकूड, धारदार लोखंड. माणसाने दुसऱ्याला इजा करण्याची साधने जशी घडवत नेली, तोच हा क्रम. प्रत्येक पायरीवर इजा वाढते आणि ती करणाऱ्याला कमी श्रम पडतात. रायफल ही त्याच जिन्याची बरीच वरची पायरी. पूर्णाने जिन्याच्या कोणत्याच पायरीवर प्रतिकाराचे साधन हातात घेतले नाही.

भिक्षूला हे शोभते, संसारी माणसाने काय करायचे? त्याचे उत्तर अंगुत्तर निकायात आहे. उपासकाने न करण्याचे पाच व्यापार तिथे दिले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा किंवा माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शस्त्र पहिले आहे. बंदी वापरण्यावर नव्हे, व्यापारावर आहे. म्हणजे ज्याच्या हातून कधी कोणाला ओरखडाही उठला नाही, पण ज्याच्या दुकानातून शस्त्र बाहेर जाते, त्याची उपजीविकाही या परंपरेला मान्य नाही. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटीतून धातूच्या आणि स्फटिकाच्या डब्या, एकात एक ठेवलेल्या, मिळाल्या. स्तूप उभा होता त्या काळी हे बंदर व्यापाऱ्यांचेच होते, आणि बुद्धाचा नियम त्यांना नेमका कुठे बोचत असेल याची कल्पना करता येते.

महाभारतानेच या नियमाला प्रत्युत्तर दिले आहे. वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो आणि कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. त्याचे म्हणणे दोन पदरी आहे. पहिला पदर: हा धंदा बापजाद्यांकडून आला, मी तो प्रामाणिकपणे करतो, आईवडिलांची सेवा करतो. दुसरा पदर: पूर्ण अहिंसा कोणालाच जमत नाही, नांगर चालवणाराही मातीतले असंख्य जीव मारतो. ही बाजू जोरदार आहे. तिच्यापुढे वसईच्या वाडीत केळी लावणारा आणि वालीवच्या गाळ्यात आटे पाडणारा सारखेच ठरतात. पण व्याध जाता जाता आणखी एक गोष्ट सांगून जातो: मी जनावरे स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकतो. सगळीच हिंसा सारखी असेल तर हा खुलासा करण्याचे कारण नव्हते. कृतीपासूनचे अंतर महत्त्वाचे असते, हे व्याधालाही मनातून पटलेले दिसते.

गीतेकडे वळले की कौशल्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो. योग म्हणजे कर्मातले कौशल्य, अशा आशयाचे दुसऱ्या अध्यायातले वचन अनेक तंत्रसंस्थांनी ब्रीद म्हणून घेतले आहे, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘काम सफाईदार करा’ असा लावला जातो. तो अर्थ प्रसंगाशी जुळत नाही. अर्जुनाला सफाई कमी पडत नव्हती. त्याचा बाण त्या रणांगणावर कोणाहीपेक्षा नेमका होता, अडचण तिथेच होती. शंकराचार्यांच्या भाष्यात हे कौशल्य समत्वबुद्धीचे आहे: बांधणारे कर्म ज्या बुद्धीमुळे बांधेनासे होते ती बुद्धी. लोकमान्य टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’त नीतीचा निर्णय बाह्य कृतीवर न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवर ठरवला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत कर्माला विकर्माची, म्हणजे आतून चित्त ओतण्याची, जोड मागितली. तिघांचे मार्ग निराळे, पण एका बाबतीत तिघेही एका बाजूला: हाताची सफाई हा कर्माच्या शुद्धीचा पुरावा नाही.

इथे एक धोकाही आहे आणि तो मराठी वाचकाला परका नाही. बुद्धी शुद्ध असली की कृती शुद्ध, हे सूत्र हातात आले की माणूस आपली बुद्धी शुद्ध असल्याचे स्वतःच ठरवतो. फळाची आसक्ती सोडणे आणि फळाचा विचार सोडणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नट आवळणाऱ्याने शाबासकीची अपेक्षा ठेवू नये हे गीतेला धरून आहे. नट कशात बसणार हे पाहू नये, हे गीतेत कुठेच नाही. उलट अर्जुनाला समोर कोण उभे आहे हे पाहता यावे म्हणून रथ दोन सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा केला होता.

वसईची तिसरी परंपरा ख्रिस्ती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंगांनी तट फोडून ती जिंकली. या दोन तारखांच्या मधल्या काळात इथे क्रूस आणि तोफ एकत्रच नांदली. मोहिमेआधी चिमाजींनी वज्रेश्वरीला नवस केला आणि जिंकल्यावर देवीचे देऊळ बांधले. तटाच्या आत पोर्तुगीजही प्रार्थनाच करत असणार. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यांतल्या काही नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, मेणवलीला टांगल्या गेल्या आणि तिथे त्या देवाला जागवू लागल्या. धातूला धर्म नसतो हे यावरून सिद्ध होते; धातूला वळण देणाऱ्याला नसतो असे सिद्ध होत नाही.

याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मला. फ्रान्सिस्कन बंधू म्हणून तो जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकला गेला. १८६२ मध्ये तो संत ठरला. ख्रिस्ताला अटक होताना शिष्याने तलवार उपसली तेव्हा ती म्यान करायला सांगितले गेले, हा शुभवर्तमानातला प्रसंग आणि गार्सियाचे मरण एका रेषेत आहेत. यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होतील असे म्हटले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधून तो ग्रंथ आजच्या मराठीत आला आहे. पण ख्रिस्ती परंपरा एवढीच नाही. ऑगस्टीन आणि पुढे थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाच्या अटी मांडल्या: अधिकार असलेल्या सत्तेने पुकारलेले, न्याय्य कारणासाठी, योग्य हेतूने. अधिकार असलेली सत्ता ही अट घरी रायफल जुळवणाऱ्याच्या बाबतीत फार बोलकी आहे.

कॅथलिक नीतिशास्त्राची नट आवळणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे: दुसऱ्याच्या पापातल्या सहभागाचे वर्गीकरण. अठराव्या शतकात आल्फोन्सस लिग्वोरीने ते घासूनपुसून मांडले. कर्त्याच्या वाईट हेतूत सामील होऊन केलेले साहाय्य हे हेतुतः साहाय्य, आणि ते नेहमीच पाप. हेतूत सामील न होता केवळ कृतीला हातभार लागला तर ते वस्तुतः साहाय्य. ते क्षम्य ठरू शकते, पण त्यालाही पायऱ्या आहेत. हातभार जवळचा की दूरचा? त्याच्याशिवाय कृत्य झाले असते का? हातभार लावण्याचे कारण किती गंभीर? यामागचा वाद खराखुरा होता. मालकाला कुकर्मासाठी परक्या घराच्या खिडकीतून शिरायला नोकराने खांदा दिला, शिडी धरली. नोकरी जाण्याच्या भीतीने हे केले तर त्याला मोठे पाप लागत नाही, असे काही धर्मशास्त्री म्हणत. १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांच्या काळात ते मत फेटाळले गेले. शिडी धरणारा खिडकीतून आत गेला नव्हता, तरी तो शिडीपासून सुटला नाही.

ही चाळण लावली की वालीवच्या गाळ्यातल्या कामगाराची स्थिती बरीच स्पष्ट होते. प्रयोजन न कळलेला, शेकडो हातांतून जाणारा, कुठेही वापरता येणारा भाग घडवणाऱ्याचा हातभार दूरचा आहे. पोट हे कारणही गंभीर आहे. त्याला रायफलीच्या गोळीचा जाब विचारणे अन्यायाचे होईल. कळल्यावर मात्र हिशेब बदलतो. मालकाला प्रयोजन माहीत असेल तर त्याचा बदललेला आहेच. आयुधनिर्माणीतला कामगार जाणूनबुजून शस्त्र घडवतो. पण तिथे शासनाचा अधिकार, कायद्याची चौकट आणि संरक्षणाचे कारण त्याच्या बाजूने उभे असते. बौद्ध नियम त्यालाही मोकळे सोडत नाही. न्याय्य युद्धाचा विचार सोडतो. या दोहोंत तडजोड निघत नाही, आणि ओढूनताणून ती काढण्यात अर्थही नाही.

घडवणाऱ्याचे मन त्याला स्वतःला मोकळे सोडेलच असेही नाही. आपल्या नावाची रायफल १९४७ मध्ये सिद्ध करणाऱ्या मिखाईल कलाश्निकोव यांनी आयुष्याच्या अखेरीस रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांना पत्र लिहिले. माझ्या रायफलीने माणसे मेली, तर मी, एक श्रद्धाळू ख्रिस्ती, त्या मरणांचा दोषी आहे का, असा त्या पत्राचा गाभा. शस्त्र देशरक्षणासाठी असेल तर चर्च ते घडवणाऱ्याच्या पाठीशी असते, अशी भूमिका चर्चच्या प्रवक्त्याने मांडली. उत्तर न्याय्य युद्धाच्या सिद्धांताला धरून होते आणि प्रश्नाला पुरे पडणारे नव्हते. ती रायफल फक्त देशरक्षकांच्या हाती राहिली नाही हे विचारणाऱ्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने विचारले. परशुरामाने द्रोणाला न विचारलेला प्रश्न इथे शस्त्रकर्त्याने नव्वदी उलटल्यावर स्वतःला विचारला.

घरी रायफल जुळवण्याचा प्रसंग या सगळ्यांहून निराळा आहे, आणि विचाराच्या दृष्टीने तो सर्वांत सोपा. कारखान्यात जबाबदारी वाटली जाते: एक आटे पाडतो, दुसरा तपासतो, तिसरा जुळवतो, चौथा साठा सांभाळतो, पाचवा चालवतो. प्रत्येकाला पुढच्याकडे बोट दाखवता येते, आणि ते बोट काही अंशी खरेही असते. घरच्या टेबलावर ही वाटणी संपते. नट आवळणारा, वस्तूचा मालक आणि चाप ओढणारा हा एकच माणूस असतो किंवा होऊ शकतो. प्रयोजन माहीत नाही असे त्याला म्हणता येत नाही. धर्मव्याधाचे अंतर त्याला नाही, शिडी धरणाऱ्याची लाचारी नाही, सैनिकामागची सत्ता नाही. स्वसंरक्षण किंवा छंद ही कारणे तो देईल, आणि अमेरिकेत, जिथे संघीय कायदा व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवू देतो, ती सर्रास दिली जातात. छंदातली एकाग्रता खरी असते; खाच जुळल्यावर होणारा आनंदही खोटा नाही. पण तो अॅरिस्टॉटलच्या पहिल्या मापातला आनंद. दुसऱ्या मापात विचारायचे ते एवढेच, की या वस्तूची वाट कुठवर जाईल हे त्याने पाहिले का, आणि ती चुकीच्या हातात जाणार नाही याची हमी कोणी घेतली आहे का. घेणाराच देणारा असल्यामुळे कर्णाची ओळख तपासणारा गुरू इथे नाही.

ती तपासणी भारतात शासनाने आपल्याकडे ठेवली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता, विकता, तिच्यात फेरफार करता किंवा ती दुरुस्तही करता येत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रांतच धरले आहेत. कुठल्याशा खोलीत जुळवलेला गावठी कट्टा आणि परदेशी भागांची सफाईदार रायफल यांत हा कायदा कारागिरीवरून फरक करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बंदूक बनवण्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे.